कठड्यावरच्या बारा खाचा

३ मार्च, सोमवार

आलो एकदाचा सोलापुरात. मंगळवेढ्याहून एसटीने आलो, त्यातला अर्धा प्रवास मांडीवर शेजाऱ्याचं ज्वारीचं गठुडं घेऊन. पण खोली बघितली आणि शीण गेला. वरचा मजला, वेगळा जिना आणि रस्त्याच्या बाजूला लाकडी कठड्याची लांब गॅलरी. भाड्याच्या खोलीला गॅलरी म्हणजे चैनच.

खोली हिंदुरावमुळे मिळाली. हिंदुराव माझा शाळेपासूनचा मित्र. मंगळवेढ्यात मोबाईलचं दुकान चालवतो आणि आमच्या टोळीचा कप्तान आहे. टोळी ऑनलाइन खेळातली. युद्धनौकांचा खेळ आहे, बारा जहाजं इकडे, बारा तिकडे, एकमेकांवर तोफा डागायच्या. आमच्या तालुक्यात प्यायला टँकर आणि आमचं नौदल! टोळीतल्या आम्हा पाचांपैकी एकानेही खरा समुद्र पाहिलेला नाही, पण हे आम्ही बाहेर सांगत नाही. खेळातल्याच कुणा ओळखीच्याने हिंदुरावला ही खोली सुचवली होती.

मालक रेवणप्पा सत्तरीचे, सुंदरम्मा त्यांच्याहून थोड्या लहान. आपसात कानडी बोलतात, माझ्याशी मराठी. सुंदरम्मांनी आल्याआल्या कडक भाकरी आणि शेंगाचटणी वर पाठवली. लाजू नका, काय लागलं तर हाक मारा की, असं रेवणप्पा तीनदा म्हणाले.

उद्यापासून टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅचला, दुपारची पाळी. आधीच्या नोकरीतही डिस्पॅचच होतं; तिथे लिहिल्याशिवाय गाडी सुटत नाही, तीच सवय घरी लागली आहे, म्हणून ही वही.

गॅलरीच्या कठड्यावर कुणीतरी बारा खाचा पाडल्या आहेत. बोटभर अंतराने, अगदी मोजून. आधीच्या भाडेकरूचं काम, असं रेवणप्पा म्हणाले. चांगला माणूस होता, पण एके दिवशी सामान टाकून निघून गेला.

६ मार्च, गुरुवार

आज पहिला पाण्याचा दिवस. सोलापुरात पाणी पाचव्या दिवशी येतं, आमच्या गल्लीत नऊ वीसच्या सुमाराला. नळ अंगणात फाटकाजवळच्या हौदात, गुडघाभर खाली, कारण वरपर्यंत दाब पोचत नाही. म्हणून एकाने पायरीवर उकिडवं बसायचं, लोखंडी झाकण सरकवून आत वाकायचं आणि पाइप धरून ठेवायचा. रेवणप्पा सव्वानऊलाच जाऊन बसले. बरोबर नऊ वीसला सुंदरम्मांनी "नीर बंतु" अशी हाक दिली. पाणी आलं.

त्या तासात गल्लीत कुणी कुणाच्या दारी नसतं. लग्न असो, मयत असो, घरटी एक माणूस आपापल्या हौदावर. पाचव्या दिवशीचं पाणी चुकलं की पुढचे पाच दिवस लोकांकडे कळशी घेऊन फिरावं लागतं. वरून बघायला मजा वाटते.

चंद्रिकाला फोनवर हे सगळं सांगितलं. चंद्रिका माझी बायको, लग्नाला आठ महिने झाले. सध्या मंगळवेढ्याला माझ्या आईजवळ आहे. पाडव्यानंतर भांडीकुंडी घेऊन इकडे येणार आहे. मी म्हटलं, घाई करू नको, उन्हाळा सरू दे. म्हणजे आता ती नक्की पाडव्यानंतरच येणार. तिला नको म्हटलं की हवंच असतं, हे मला आठ महिन्यांत पुरतं कळलंय.

७ मार्च, शुक्रवार

सकाळी खेळलो आणि नाक कापलं गेलं. शंभर गोळे मारले की माझे अठरा लागतात. महिनाअखेर अक्कलकोटच्या टोळीशी सामना आहे. नेम सुधारला नाही तर तुला काठावर बसवीन, असं हिंदुराव स्पष्ट बोलला. मग त्यानेच मला मडिवाळप्पा नावाच्या जुन्या खेळाडूची शिकवणी लावून दिली. तोंड दिसत नाही, हेडफोनमध्ये नुसता आवाज येतो. जाडसर आणि फार शांत.

अर्धा तास त्याने माझं खेळणं बघितलं आणि म्हणाला, "तू जहाजावर मारतोस. जहाजावर मारायचं न्हाय. जहाज जिथं जाणार हाय, त्या पाण्यावर मारायचं."

मोठ्या तोफेचा गोळा पडायला बारा सेकंद लागतात. तेवढ्यात जहाज पुढे गेलेलं असतं. त्याच्या धुरावरून वेग ओळखायचा, नाकावरून दिशा. दुर्बिणीच्या काचेवर रेघा असतात, त्यातल्या कितव्या रेघेवर जहाज ठेवलं की गोळा त्याच्या डोक्यात पडेल, हे डोळ्यात भिनायला हवं. पहिला गोळा अलीकडे पडतो, दुसरा पलीकडे, मग अंतर हाती लागतं आणि तिसरा चुकत नाही.

शेवटी त्याने विचारलं, खोलीला गॅलरी आहे ना? मग गल्लीतल्या माणसांवर सराव कर. माणूसही सरळच चालतो. कठड्यावर नजर टेकव, बारा मोज आणि तो कुठं असेल तिथं आधीच बोट ठेव.

९ मार्च, रविवार

ही शिकवणी भलतीच गमतीची आहे. कठड्यावरच्या खाचा तर खेळातल्या रेघांसारख्याच उपयोगी पडतात. पेपरवाला चौथ्या खाचेवर दिसला की बारा आकड्यांत आठवीवर. दूधवाला त्याहून पुढे. कुत्र्याचा भरवसा नाही. माणसाच्या चपलेकडे बघायचं, तोंडाकडे नाही, म्हणजे वेग कळतो.

दही विकणारी बाई डोक्यावर मडकं घेऊन आली. मी सातव्या खाचेवर बोट ठेवलं आणि बारा मोजले. बरोबर तिथे तिचा पाय घसरला आणि मडकं फुटलं. मला आधी हसू आलं, मग लाज वाटली. खाली जाऊन खापऱ्या गोळा करू लागलो. रस्ता ओला झाला होता, पण दह्याने व्हावा तसा नाही, नुसत्या पाण्याने.

दुपारी शंभरात चौतीस लागले.

१२ मार्च, बुधवार

चंद्रिका व्हिडिओवर होती, मी गॅलरीत. माझ्या नेमाची फुशारकी ऐकून ती म्हणाली, "एवढं कळतंय तर सांगा की, मी तिकडं आल्यावर कुठं असेन?"

मडिवाळप्पाने कालच लांबचा नेम शिकवला होता. जितकं लांब मारायचं तितका गोळा जास्त वेळ हवेत राहतो, पण पडतो तिथंच. मी गमतीत हिशोब मांडला. पाण्याचे दिवस सोळा, एकवीस, सव्वीस, एकतीस. पाडवा तीसला. म्हणजे एकतीस तारखेला, सोमवारी, नऊ वीसला माझी बायको त्या हौदाच्या पायरीवर पाइप धरून बसलेली असेल. मी फोन तिकडे वळवला, नवव्या खाचेतून पायरीवर बोट धरलं आणि तिला जागा दाखवली.

मी नाहीच आले तर, असं तिने चिडवलं. मी म्हटलं, नको म्हटलं की तू येतेस, तेही नेमात धरलंय. ती हसली. किती दिवसांनी एवढं हसलो आम्ही.

मडिवाळप्पाला हे सांगितलं. तो म्हणाला, लई चांगलं जमायलंय तुला.

१६ मार्च, रविवार

पाण्याचा दिवस. रेवणप्पा पायरीकडे निघाले तेव्हा सहज त्यांच्यावर नेम धरला. आठवी खाच, बारा आकडे. बाराव्याला गच्चीवरच्या टाकीचं झाकण वाऱ्याने उडालं आणि त्यांच्यापुढे हातभर अंतरावर आदळलं. गल्लीत पान हलत नव्हतं.

ते झाकण उचलून म्हणाले, "वाचलो की सयाजीराव." मीही हसलो.

१७ मार्च, सोमवार

आज जे केलं ते खरं लिहितो. रेवणप्पा सकाळी फाटकाशी उभे होते. मला खात्री करून घ्यायची होती. कालचा निव्वळ योगायोग होता हे स्वतःला पटवायचं होतं. नेम धरला, दहावी खाच. बारा मोजले. फाटकाजवळच्या कडुलिंबाची वाळकी फांदी तुटली आणि त्यांच्या पाठीमागे हातभर पडली.

एक अलीकडे, एक पलीकडे. त्या क्षणी मला भीती वाटायला हवी होती. मला आनंद झाला. अंतर हाती आलं होतं. बोट आपोआप नवव्या खाचेवर गेलं, पायरीवर, एकवीस तारीख, नऊ वीस. मी बारा मोजलेसुद्धा.

मग खोलीत येऊन दार लावून बसलो. असं काही नसतं. कारखान्यात पाळीभर टॉवेलच्या गाठी चुकीच्या गाडीत भरल्या.

२० मार्च, गुरुवार

काल रंगपंचमी झाली, गल्ली अजून लाल-निळी आहे. मी रेवणप्पांना म्हटलं, उद्या पाणी मी भरतो, तुम्ही पडून राहा. ते म्हणाले, भाडेकरूकडून पाणी भरून घेणारा माणूस नव्हं मी. मी फार आग्रह केला तेव्हा त्यांना जरा राग आला. उद्या त्यांच्याआधी जाऊन पायरीवर बसतो.

२१ मार्च, शुक्रवार

नऊलाच पायरीवर जाऊन बसलो. नऊ सतराला कारखान्याचा फोन आला, आत ऐकू येत नव्हतं म्हणून फाटकाबाहेर चार पावलं गेलो. वळलो तर माझ्या जागी ते बसलेले होते. मी हाक मारली. त्यांनी वर बघितलं.

रेवणप्पा गेले.

पाणी अजून सुटलं नव्हतं. तरी ते डोक्यापासून पायापर्यंत निथळत होते.

२२ मार्च, शनिवार

काल संध्याकाळी त्यांना माती दिली. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. सुंदरम्मा रडत नाहीत, नुसत्या बसून आहेत. त्यांनी मला जवळ बोलावून हळूच सांगितलं, मालकांचं धोतर वाळल्यावर पांढरं कडक झालं. मिठाचं पाणी होतं की ते, असं म्हणाल्या.

पायरीवर पांढरं वर्तुळ उमटलंय. दह्याचं मडकं फुटलं तिथेही आहे, मी जाऊन बघितलं. बोट लावून चाखलं.

खारट.

२४ मार्च, सोमवार

हिंदुरावला कळवलं की मी खेळ सोडला. तो संतापला, आता कुठे तुझे शंभरात सत्तर लागायला लागले होते. मग मडिवाळप्पाला फोन लावला आणि सगळं विचारलं. त्याने काहीही नाकारलं नाही.

खाचा त्यानेच पाडल्या. दोन वर्षं याच खोलीत होता. हिंदुरावला खोली सुचवणारा तोच. गंमत म्हणून सुरुवात झाली, चार माणसं गेली, शेवटचा त्याचा सख्खा भाऊ. पळून अक्कलकोटला गेला, पण रेघा डोळ्यांतून गेल्या नाहीत. ज्या माणसाकडे बघावं त्याच्यापुढे रेघा. सहा वर्षं आंधळ्यासारखी मान खाली घालून काढली. माझ्या बोटाने दह्याचं मडकं फुटलं, त्या सकाळी त्याच्या रेघा पुसल्या.

त्याचा बाप सोलापूरच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, बदली कामगार होता. अकरा वर्षं रोज गिरणीच्या फाटकात उभा राहायचा, कुणी आला नाही तर त्याच्या जागी लागायचं. "साचा रिकामा ठेवत न्हाईत. बदली आला तरच माणूस सुटतो. मी सुटलो," एवढं म्हणाला. आवाजात आनंद नव्हता, पण लाजही नव्हती.

मी विचारलं, उडालेला गोळा परत येतो का.

तो म्हणाला, तोफ मोडली म्हणून गोळा थांबतो का?

तेव्हा मला बारा तारीख आठवली.

२५ मार्च, मंगळवार

चंद्रिकाला सांगितलं, येऊ नको. तिने कारण विचारलं. इथे दुखवटा आहे, म्हटलं. मग तर आलंच पाहिजे, ती बाई एकटी आहे, असं ती म्हणाली. मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडलो. तिने फोन ठेवला.

खरं सांगायला हवं होतं. पण खरं सांगायचं म्हणजे रेवणप्पांना मी मारलं हे सांगायचं.

२६ मार्च, बुधवार

पाण्याचा दिवस. पायरीवर मी बसलो. काही झालं नाही. माझ्यावर कुणी नेमच धरलेला नाही.

करवत आणून कठडा कापला. खाचांचा तुकडा चुलीत घातला. जळता जळत नव्हता, ओलाच होता.

२८ मार्च, शुक्रवार

रेघा आल्या. कारखान्यात गाठी भरणाऱ्या माणसांपुढे, बारीक, काळ्या. मी खाली बघतो. जेवताना ताटात बघतो. सुंदरम्मांनी काहीतरी विचारलं, मी त्यांच्या पायांकडे बघून उत्तर दिलं आणि पायांपुढेही —

आता बघायचं म्हटलं की वहीत बघतो. कागदावर रेघा येत नाहीत.

३० मार्च, रविवार. पाडवा

वर्षअखेरचा माल, सुट्टी नाही. ठरलं ते असं. उद्या पहाटेच्या पहिल्या एसटीने मंगळवेढ्याला जायचं. नऊ वीसला तिचा हात माझ्या हातात धरून आमच्या घरात बसायचं. ती पंचावन्न किलोमीटरवर असेल. पायरी रिकामी. गोळा पाण्यात पडेल.

फोनवर तिला म्हटलं, मी येतो, तू घरातून हलू नको. ती बरं म्हणाली. किती लगेच बरं म्हणाली.

३१ मार्च, सोमवार

७.४०. मंगळवेढा. घरात आई एकटीच. चंद्रिका पहाटेच जीपने सोलापूरला गेली. आई म्हणाली, "तुझी तब्येत बरी न्हाय म्हणून सुंदरम्माचा फोन आला हुता. हलू नको म्हणलास, तवाच तिनं ठरवलं." आम्ही वाटेत एकमेकांना ओलांडून गेलो.

नको म्हटलं की येते. तेही धरलं होतं मी.

८.०५. परतीची एसटी. फोन लागत नाही. मान खाली, वहीत. गाडीत चाळीस माणसं आहेत, वर बघायचं नाही.

८.५०. बेगमपूर. भीमेचा पूल ओलांडला आणि टायर फुटला. कंडक्टर म्हणतो अर्धा तास. इथून सोलापूर —

८.५८. फोन लागला. ती माझ्या खोलीत आहे. सगळं सांगितलं. दही, रेवणप्पा, बारा तारीख, बोट. मी मारलं हेही. ती म्हणाली, "अहो, तुम्ही आधी रडायचं थांबवा." म्हणाली, नाही जात पाण्याला. तुमच्या गळ्याची आण. वरच बसते, खोलीला आतून कडी लावते.

कडीचा आवाज मी ऐकला.

फोन चालू ठेव म्हटलं. ठेवला आहे.

९.१२. ती बोलते आहे. आल्याआल्या चहा करून सुंदरम्मांना दिला म्हणाली. गॅलरीचा कठडा कुणी कापला विचारते. तिचा श्वास ऐकू येतो. ती इतक्या सहज ऐकून घेईल हे कळलं असतं तर पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं असतं. मला ती फार आवडते हे मी तिला कधी बोललो नाही, आत्ता बोललो. ती हसली, बारा तारखेला हसली होती तशीच.

९.१७. खाली झाकण सरकवल्याचा आवाज. चंद्रिका म्हणते, सुंदरम्मा आहेत. दहा दिवसांनी पहिल्यांदा बाहेर आल्यात. गल्लीतलं कुणी येणार नाही, प्रत्येक जण आपल्या हौदावर. पाणी चुकवणार नाहीत त्या.

म्हटलं, बघू नको. गॅलरीतून आत ये.

९.१९. तोल गेला त्यांचा. चंद्रिका ओरडली, आत पडतील त्या — कडी — नको, चंद्रिके, नको —

मी पुन्हा नको म्हणालो.

जिना. तिच्या जोडव्यांचा आवाज. फोन हातातच आहे तिच्या.

धरलं तिने. धरलं म्हणते. सुंदरम्मांना वर ओढून पायरीवर बसवलंय. निघ तिथून. निघ. ती म्हणते, एक मिनिट, पाइप निसटलाय, एवढा लावते आणि —

नीर बंतु. गल्लीत कुणीतरी.

मी मोजतोय. आठ. नऊ.

आमच्यापैकी कुणी समुद्र पाहिलेला नाही. पण फोनमधून हा जो आवाज येतोय तो नळाचा नाही, हा